जीपीएस फसतं, लाँगवेव्ह का टिकते? हौशी रेडिओवाल्यांच्या एका वॅटची गोष्ट

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर उतरायला निघालेल्या काही विमानांनी एक विचित्र तक्रार केली. जीपीएस चालू होतं, सिग्नल मिळत होता, पण दाखवलेली जागा खोटी होती. याला म्हणतात जीपीएस स्पूफिंग. पुढच्याच महिन्यात सरकारनं संसदेत हे मान्य केलं आणि मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांवरूनही जीपीएसमध्ये अडथळे आल्याच्या नोंदी आहेत, असंही सांगितलं. त्याआधी, मार्च २०२५ मध्ये दिलेल्या उत्तरात एक आकडा होता: नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, अशा ४६५ घटना.

दिल्लीच्या बातमीत आणखी एक वाक्य होतं, ते बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलं. त्रास झाला तो जीपीएसच्या भरवशावर धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांना. जिथे जमिनीवरची जुनी, पारंपरिक रेडिओ उपकरणं वापरात होती, तिथे काही बिघडलं नाही.

मला हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. माझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे, आणि गेली काही वर्षं मला एका आडवाटेच्या छंदानं धरलंय: अतिशय कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल ऐकणं. मित्र विचारतात, ‘सिक्स-जीची चर्चा चालू असताना तू हे काय शंभर वर्षं जुनं घेऊन बसलायस?’ खरं सांगायचं तर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. दिल्लीच्या बातमीनं ते दिलं.

आधी हे बघू: जीपीएस इतकं नाजूक का?

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून सिग्नल तुमच्या फोनपर्यंत पोचतो तेव्हा त्याची ताकद किती उरते? एका वॅटचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी. त्यातल्याही एकाचे शंभर. त्यातला एक भाग. जवळपास एवढंच. हवेतली नेहमीची खरखर याच्यापेक्षा मोठी असते. फोनला सिग्नलचा सांकेतिक क्रम आधीच माहीत असतो, म्हणून तो गोंगाटातूनही बरोबर तो क्रम शोधून काढतो. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी हळूच तुमचं नाव घेतलं तरी कान टवकारतात ना, तसं.

पण हाच क्रम सगळ्या जगाला माहीत आहे. नागरी वापराचा जीपीएस सिग्नल कुणालाही वाचता यावा म्हणूनच तो उघडा ठेवलाय. मग कुणीही तसाच, पण किंचित मोठ्या आवाजातला खोटा सिग्नल सोडू शकतो. त्यासाठी लागणारी अँटेना बोटाएवढी असते, कारण जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी आहे १,५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि त्या लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटीमीटर. आपलं नाविक असो, युरोपचं गॅलिलिओ असो, सगळ्यांची मूळ अडचण तीच: सिग्नल दुरून येतो आणि अशक्त असतो.

अँटेना बोटाएवढी असते, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच मुद्द्याभोवती फिरते.

१३७ किलोहर्ट्झ म्हणजे नेमकं कुठे?

तुमच्या वायफायचा पत्ता २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ. एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ. अजून खाली उतरा. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा हौशी रेडिओचा ‘६३० मीटर’ बँड. त्याच्याही खाली १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, हा ‘२२०० मीटर’ बँड. मीटरमधला आकडा म्हणजे लहरीची लांबी. २२०० मीटर म्हणजे सव्वादोन किलोमीटरची एक लहर!

हा खालचा बँड २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी लोकांना मिळाला, ६३० मीटरचा २०१२ च्या परिषदेत. अमेरिकेनं आपल्या हॅमसाठी दोन्ही बँड २०१७ मध्ये उघडले. अट कडक आहे. १३७ किलोहर्ट्झवर अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी ताकद १ वॅटपेक्षा जास्त नको. १ वॅट म्हणजे घरातल्या नाइट बल्बएवढी. एवढ्यावर हौशी लोकांचे सिग्नल अटलांटिक महासागर ओलांडून गेलेत.

यात गंमत आहे ती इतिहासाची. १९१२ साली अमेरिकेनं कायदा करून हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटरच्या आतल्या लहरींवर ढकललं. तेव्हा समज असा होता की लांब लहरीच कामाच्या, बाकी सगळं भंगार. दहा-बारा वर्षांत याच लोकांनी दाखवून दिलं की त्या ‘भंगार’ लघुलहरी समुद्रापार जातात, आणि त्याही कमी खर्चात. सगळ्या जगाचं गणित फिरलं. ब्रिटिश साम्राज्याला जोडायला आधी प्रचंड लाँगवेव्ह केंद्रं उभारायची योजना होती. त्याऐवजी लघुलहरींची केंद्रं आली. भारताचं केंद्र १९२७ मध्ये आपल्या पुण्याजवळ सुरू झालं: खडकीहून इंग्लंडकडे संदेश जायचे आणि दौंडला तिकडचे यायचे. लाँगवेव्ह तेव्हापासून मागे पडत गेली. आज हौशी लोक परत त्याच टाकलेल्या लहरींकडे वळलेत.

तार १२ मीटर, लहर सव्वादोन किलोमीटर

१३७ किलोहर्ट्झवर ट्रान्समीट करणं इतकं अवघड का, हे समजायला थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

अँटेना चांगली चालायची तर ती लहरीच्या साधारण एक चतुर्थांश लांबीची हवी. फोनच्या फ्रिक्वेन्सीला हे काही सेंटीमीटरांत भागतं. १३७ किलोहर्ट्झला हवा सुमारे ५४७ मीटर उंच खांब. घराच्या गच्चीवर, फार तर फार, १२ मीटरची उभी तार आणि तिच्या टोकाला आडव्या तारा. अशी अँटेना रेडिओ लहरी बाहेर फेकायचं काम जवळजवळ करतच नाही. इंजिनिअरच्या भाषेत तिचा ‘विकिरण रोध’ ०.०५ ओहमच्या आसपास येतो, आणि जमिनीतला, तारांतला, गुंडाळीतला मिळून फुकट जाणारा रोध सहज ५० ओहम. म्हणजे हजार वॅट ओतले तर एक वॅट बाहेर पडणार आणि ९९९ वॅट माती गरम करणार.

बरं, एवढी आखूड तार ट्यून करायची तर खाली प्रचंड मोठी गुंडाळी लागते. बादलीएवढ्या पाइपवर शेकडो वेढे. ५०० वॅट सोडले की तारेच्या टोकाला दहा हजार व्होल्टच्या वर दाब चढतो. परदेशातले हॅम त्यांच्या गुंडाळीतून निघालेल्या ठिणग्यांचे, जळालेल्या पाइपांचे फोटो अभिमानानं दाखवतात. हा प्रयोग हौसेखातर घरी करू नका. ट्रान्समीट करायला लायसन्स लागतं, त्यात नेमके कोणते बँड दिलेत हे पाळावं लागतं, आणि हा व्होल्टेज जीवघेणा आहे.

लाँगवेव्ह केंद्र खरंखुरं कसं असतं ते बघायचं तर स्वीडनमधलं ग्रिमेटन आठवा. १९२५ साली उद्घाटन झालेलं हे केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर चालतं. एकही व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. एक भलंमोठं फिरतं जनित्र थेट रेडिओ लहर तयार करतं. अँटेनासाठी १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि वर्षातून काही ठरावीक दिवशी, उदाहरणार्थ नाताळच्या आदल्या सकाळी, अजूनही मोर्समध्ये संदेश पाठवतं. जगभरचे हॅम त्या दिवशी कान लावून बसतात.

मग सिग्नल एवढा दूर जातो कसा?

दोन वाटा आहेत.

पहिली, जमिनीची वाट. फोनचा किंवा एफएमचा सिग्नल बऱ्यापैकी सरळ रेषेत जातो. मध्ये डोंगर आला की संपला. भोर-महाडच्या घाटात ‘नो सर्व्हिस’ दिसतं ते याच कारणानं. लाँगवेव्हची लहर इतकी लांब असते की आपला डोंगर तिच्यापुढे गतिरोधकासारखा. ती जमिनीला धरून, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जाते. जमीन तिची थोडी ताकद खाते, पण फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकं हे खाणं कमी. खाऱ्या समुद्रावर तर ही वाट अगदी गुळगुळीत.

दुसरी, आभाळाची वाट. जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटरवर आयनांबराचा सगळ्यात खालचा थर असतो. सूर्यप्रकाशानं तो तयार होतो आणि रात्री जवळजवळ विरून जातो. दिवसा हा थर मीडियम वेव्हचं आभाळाकडे गेलेलं सगळं गिळून टाकतो. म्हणून दुपारी रेडिओवर फक्त जवळची केंद्रं लागतात. सूर्य मावळला की हा थर उठतो आणि त्याच्या वरच्या, साधारण १०० किलोमीटरवरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. आजी-आजोबांना विचारा, रात्री रेडिओवर दूरदूरची केंद्रं कशी लागायची ते.

१३७ किलोहर्ट्झला या थराचा त्रास कमी. लहर लांब असल्यामुळे ती थरात खोल न शिरता त्याच्या तळालाच आपटून परतते. खाली समुद्र किंवा जमीन, वर आयनांबराचं छत, आणि मधल्या बोगद्यातून लहर हजारो किलोमीटर जाते. रात्री छत आणखी वर सरकतं, गिळणं कमी होतं आणि सिग्नल वाढतो.

पाणबुड्यांसाठी नौदलं याच गुणावर अवलंबून असतात. काही दहा किलोहर्ट्झच्या खालच्या लहरी समुद्राच्या पाण्यातही काही मीटर शिरतात. भारतीय नौदलाचं असं एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे. दुसऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या दामगुंडम इथे झाली. सुमारे २,९०० एकर जंगलजमीन त्यासाठी जाणार, म्हणून तिथे विरोधही झाला. लांब लहरीला जागा किती लागते, याचा हा आपल्याकडचा जिवंत दाखला.

दोन मिनिटांत एक ‘हो’

एक वॅट, हजारो किलोमीटर. हे ऐकून वाटेल, मग सगळं जग लाँगवेव्हवर का नाही?

कारण वेग. खालच्या फ्रिक्वेन्सीवर जागाच नाही. २२०० मीटरचा अख्खा बँड २.१ किलोहर्ट्झ रुंद. तुमचा एक साधा वायफाय चॅनल २० मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्याच्या सुमारे साडेनऊ हजार पट.

मग हॅम काय करतात? वेळ देतात. पूर्वी मोर्सचा एकेक ठिपका कित्येक सेकंद लांबवायचे. कानाला काही ऐकू यायचं नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुसट रेघ उमटायची. २००८ मध्ये जो टेलर यांनी ‘विस्पर’ ही पद्धत आणली. टेलर हे खगोलशास्त्रज्ञ, एका नव्या प्रकारच्या पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्यासोबत मिळवलेले, आणि स्वतः हॅम. आकाशातले अशक्त सिग्नल शोधण्याची सवय त्यांनी या छंदात आणली. २०२१ मध्ये त्यांच्या गटानं याच खालच्या बँडसाठी खास पद्धती काढल्या, ज्यात एकच संदेश अर्धा तासपर्यंत ताणता येतो.

विस्परचा एक संदेश ५० बिट्सचा: कॉलसाइन, ढोबळ ठिकाण आणि वॅट. तो पाठवायला ११०.६ सेकंद लागतात. तुमच्या भाषेत सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर देवनागरीतलं प्रत्येक अक्षर-चिन्ह २४ बिट्स घेतं. ‘हो’ लिहिलं तर ह आणि काना-मात्रा मिळून ४८ बिट्स. म्हणजे जवळपास दोन मिनिटांत एक ‘हो’ जाईल. ‘होय’ म्हणायचं असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा.

पण हा ‘हो’ कुणी, कुठून, किती वाजता ऐकला याची नोंद आपोआप इंटरनेटवर जाते. जगभर शेकडो घरांतून रोज अशा नोंदी येतात. कोणत्या रात्री कोणती वाट उघडली, कुठे बंद झाली, सूर्यावरच्या वादळानंतर किती दिवस गडबड राहिली, हे सगळं त्यात दिसतं.

अडचण हीच ढाल

आता परत दिल्लीला येऊ.

उपग्रहांशिवाय जागा आणि वेळ सांगायची एक जुनी पद्धत आहे: लोरान. १०० किलोहर्ट्झवर, जमिनीवरच्या मोठमोठ्या मनोऱ्यांतून अचूक वेळेला सोडलेले स्पंद. दोन-तीन केंद्रांचे स्पंद पोचायला किती फरक पडला, यावरून जहाज आपली जागा काढायचं. आपल्याकडेही ती होती. ‘मुंबई साखळी’ या नावानं ओळखली जाणारी तीन केंद्रं प्रत्यक्षात गुजरातेत होती: ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा. पूर्वेला कोलकाता साखळी. दीपगृहांचं खातं ती चालवायचं. जीपीएस फुकट आणि जास्त अचूक मिळू लागल्यावर जगभर लोरान मागे पडली. अमेरिकेनं २०१० मध्ये ती बंद केली, ब्रिटननं तिची सुधारित आवृत्ती, ई-लोरान, २०१५ च्या अखेरीस.

आणि आता तेच ब्रिटन ई-लोरानसाठी पुन्हा पैसे काढतंय. दक्षिण कोरियाकडे ती चालू आहे, चीननं स्वतःची साखळी पश्चिमेकडे वाढवलीय. का?

वरचं गणित आठवा. १२ मीटरच्या तारेतून १ वॅट बाहेर काढायला हॅमला हजार वॅट जाळावे लागतात. १०० किलोहर्ट्झला तर आणखी जास्त. आता समजा कुणाला ई-लोरान बुजवायची आहे. तिचे मनोरे शेकडो किलोवॅट ओततात. जमिनीवर पोचणारा सिग्नल जीपीएसच्या लाखो पट ताकदवान असतो. त्याला फसवायचं तर हल्लेखोरालाही मनोरा उभारावा लागेल, टनावारी तांबं जमिनीत पुरावं लागेल, ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल. जीपीएस बिघडवणारं यंत्र खिशात मावतं. लाँगवेव्ह बिघडवणारं यंत्र कुणाच्याही गच्चीवर लपत नाही.

जी अडचण आम्हा हौशी लोकांचा घाम काढते, तीच अडचण या यंत्रणेचं संरक्षण करते. भौतिकशास्त्रानं लावलेलं कुलूप आहे ते.

आणि जमिनीच्या वाटेनं येणारी लहर आयनांबरात जातच नाही. मे २०२४ मध्ये सूर्यावरून आलेलं वादळ २००३ नंतरचं सगळ्यात मोठं होतं. लडाखच्या हान्लेमधून तेव्हा आकाश लाल दिसलं, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरचं अचूक जीपीएस भरकटलं, कारण उपग्रहाचा सिग्नल त्या खवळलेल्या थरातूनच खाली येतो. ई-लोरानचा रिसीव्हर प्रत्येक स्पंदाची फक्त सुरुवात मोजतो. जमिनीवरून आलेली लहर आधी पोचते, आभाळातून आलेली उशिरा. उशिरा आलेलीला तो विचारतच नाही.

पण भाबडेपणा नको

मी या छंदाच्या प्रेमात आहे म्हणून तुम्हाला अर्धंच सांगणार नाही.

ई-लोरानची अचूकता चांगल्या परिस्थितीत १० ते २० मीटर. जहाजाला, विमानतळाच्या दिशेला हे चालेल. तुमच्या पिझ्झाला गल्ली सापडणार नाही. मनोरा लपत नाही हे हल्लेखोराला लागू आहे तसं आपल्यालाही आहे. युद्धात तो पहिलं लक्ष्य ठरेल. जमीन लागते, आणि दामगुंडमनं दाखवलं की ती जमीन कुणाची तरी असते, कशाचं तरी जंगल असतं.

आमचाही एक विनोद आहे. विस्परसाठी कॉम्प्युटरचं घड्याळ एक-दोन सेकंदांच्या आत बरोबर लागतं. ते आम्ही लावतो कशावरून? इंटरनेटवरून, नाहीतर जीपीएसवरून! ‘जीपीएसशिवाय जगता येतं’ म्हणणारा मी स्वतः त्याच्याच घड्याळावर चालतो.

तुमच्या फोनमध्येही लाँगवेव्हचा रिसीव्हर येईल असं मला वाटत नाही. मग तुम्ही याची काळजी का करायची? कारण मोबाइल टॉवर. फाइव्ह-जीचे शेजारी-शेजारी असलेले टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलतात आणि ऐकतात. त्यांची घड्याळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीच्या आत जुळलेली लागतात, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात ओरडणं होतं. ही वेळ बहुतेक ठिकाणी उपग्रहांवरून येते. टॉवरमधलं घड्याळ काही काळ तग धरतं. अडथळा लांबला तर अख्खं नेटवर्क लंगडायला लागतं. बँकांचे व्यवहार आणि विजेचं जाळंही याच वेळेवर चालतं. म्हणजे लाँगवेव्हची गरज तुमच्या खिशाला नाही, खिशामागच्या टॉवरला आहे.

फ्रान्सनं हे व्यवहारानं सोडवलं. तिथल्या अलुईच्या १६२ किलोहर्ट्झच्या केंद्रावरून रेडिओचे कार्यक्रम २०१६ च्या शेवटच्या दिवशी थांबले. पण ट्रान्समीटर बंद केला नाही, कारण त्याच लहरीवरून वेळेचा सिग्नल जातो आणि अनेक यंत्रणा त्यावर घड्याळं लावतात. आयर्लंडनं मात्र आपलं २५२ किलोहर्ट्झचं केंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जुनं केंद्र पाडताना ‘किती लोक ऐकतात’ हा एकच प्रश्न पुरत नाही. ‘उद्या वरचं सगळं बंद पडलं तर हे काय देऊ शकेल’ हाही विचारा. एकदा मनोरा भंगारात गेला आणि जमीन बिल्डरकडे गेली, की परत उभारायला पिढी जाते.

खरा शत्रू तुमच्या सॉकेटमध्ये आहे

सगळ्यात अनपेक्षित धडा मला भोरजवळच्या एका गावात मिळाला.

पुण्यात आमच्या सोसायटीत ५०० किलोहर्ट्झच्या खाली मला काहीच ऐकू येत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर नुसत्या जाड उभ्या रेघा: एलईडी दिवे, लिफ्ट, वायफायचे अडॅप्टर, शेजारच्या छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. हे सगळे आतमध्ये वीज सेकंदाला हजारो, लाखो वेळा चालू-बंद करतात, आणि ती कटकट नेमकी याच फ्रिक्वेन्सींवर सांडते. चांगल्या चार्जरमध्ये ती अडवायला फिल्टर असतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये पहिली काटछाट त्याचीच होते.

म्हणून गेल्या डिसेंबरात मामाच्या शेतावर गेलो. बांधावर ३० मीटर तार टाकली, रिसीव्हर बॅटरीवर. तरीही खरखर होतीच. घरातले दिवे, विहिरीवरचा पंपाचा स्टार्टर. साडेनऊला लोडशेडिंग झालं. मामी आतून ओरडली, ‘आरं, लाइट गेली, आता जेवायला तरी ये!’ मी जागचा हललो नाही. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एका क्षणात पुसल्या गेल्या होत्या. काळ्या पाटीवर ३०० किलोहर्ट्झच्या आसपास एक बारीक टिंबा-रेघांची ओळ उमटत होती: कुठल्यातरी विमानतळाचा दिशादर्शक बीकन, मोर्समध्ये पुन्हा पुन्हा आपलं नाव सांगत. तो आधीही तिथेच होता. आम्हीच त्याला आमच्या दिव्यांखाली गाडला होता.

जेवण गार झालं. लाइट आली आणि बीकन परत बुडाला.

तेव्हापासून मला एक वाटतं. रेडिओ लहरी ही नदीसारखी सामायिक गोष्ट आहे. शहराच्या नाल्यानं नदी काळी होते तसे आपल्या स्वस्त चार्जरनी हे खालचे बँड काळे झालेत. उद्या देशानं ई-लोरानसारखं काही उभं केलंच, तर शहरात त्याचा पहिला सामना या खरखरीशी होईल.

तुम्ही स्वतः करून बघा

ऐकायला लायसन्स लागत नाही, महागडं सामानही नाही.

१. घरात जुना मीडियम वेव्ह रेडिओ असेल तर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि तुमचा फोन चार्जर, एलईडी दिवा, राउटर एकेक करून जवळ न्या. कोण किती ओरडतं ते कळेल. मग हेच गावाला जाऊन करा.

२. त्याच रेडिओवर दुपारी दोनला आणि रात्री दहाला कोणकोणती केंद्रं लागतात त्याची यादी करा. दोन याद्यांमधला फरक म्हणजे आयनांबर. आठवडाभर केलंत तर सूर्यास्ताच्या वेळी काय घडतं तेही कानाला कळेल.

३. फोनच्या ब्राउझरमध्ये नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडा. तो तिथला खराखुरा रिसीव्हर आहे, फिरवायचा तुम्ही. मोर्सचा मोड निवडून ७७.५ किलोहर्ट्झवर जा. जर्मनीत फ्रँकफर्टजवळून येणारा वेळेचा सिग्नल ऐकू येईल. दर सेकंदाला तो क्षणभर दबतो: ०.१ सेकंद दबला तर शून्य, ०.२ सेकंद दबला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला दबतच नाही, म्हणजे ‘आता नवं मिनिट’. तिथली असंख्य घड्याळं याच टकटकीवर चालतात.

४. हिवाळ्यात आपल्या रात्री नऊच्या सुमाराला तिथे सूर्य मावळतो. त्यानंतर ४७५.७ किलोहर्ट्झच्या आसपास बघा. हळूहळू पुसट रेघा उमटू लागतात. त्या हौशी लोकांच्या विस्पर लहरी, कुणाच्या तरी परसातल्या तारेतून निघालेल्या.

आवडलं तर पुढची पायरी हॅमचं लायसन्स. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते.

आज रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावाल, तेव्हा चार्जर सॉकेटमध्ये खुपसण्याआधी जुना रेडिओ एक मिनिट त्याच्या शेजारी धरा. मग चार्जर लावा. तुम्हाला जे ऐकू येणं बंद होईल, त्यातलंच काहीतरी उद्या आपल्याला लागणार आहे.